भिंत सोडून उभ्या राहा

माणसाला फोटोसाठी उभं केलं की तो आधी भिंत शोधतो. हे मी रोज बघते आणि रोज चिडते. खोली दहा बाय दहाची असो नाहीतर कार्यालयाचा मोठा हॉल असो, "चला, उभे राहा" म्हटलं की सगळे मागं मागं सरकत जातात आणि पाठ टेकली की मगच थांबतात. मग मी ओरडते, "भिंत सोडून उभ्या राहा! डिंक लावलाय का तिला?" बायका हसतात, एक पाऊल पुढं येतात, आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावेपर्यंत परत जाग्यावर.

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे, पण निम्मं काम लोकांच्या घरात. बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, स्थळाला पाठवायचे फोटो. घरात काढलेल्या फोटोचं वाटोळं करणारी गोष्ट एकच, मागची सावली. माणूस भिंतीला चिकटलेला असला आणि बाजूनं उजेड मारला की त्याच्या कानालगत, खांद्यालगत काळी कड उमटते. नवरीच्या मागं कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटायला लागतं. ती घालवायचे मार्ग सोपे आहेत. माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढं घ्यायचं. लाईट उंच आणि बाजूला लावायचा, म्हणजे सावली फोटोच्या बाहेर पडते. उजेडापुढं पांढरं कापड धरून तो पसरट करायचा, नाहीतर सरळ छतावर मारून तिथनं खाली घ्यायचा. पण पहिली गोष्ट झाली नाही तर बाकीच्या सगळ्या निम्म्यानं वाया जातात. म्हणून माझी आरडाओरड असते.

ह्या धंद्यानं मला सवयच लागली. कुणाच्या घरी गेले की माणसांच्या आधी मी भिंती बघते. कुठला रंग उजेड खातो, कुठं खिळा आहे, कुठं कॅलेंडर काढावं लागेल. नवरा म्हणतो, "अगं, त्यांनी चहा पुढं केलाय, भिंतीनं नाही." आणि अशी मी, जी भिंत आठवड्यातून दोनदा बघत होते ती मला दिसली नाही. त्याला दीड वर्ष झालं. अजून आठवलं की हातातलं काम टाकून मी उगीच खोलीत येरझाऱ्या घालायला लागते.

ती भिंत आईच्या घरातली. मंगळवार पेठेत बोळाच्या तोंडाशी दोन खोल्या, मागं न्हाणी, एवढंच घर. आई मुरगूडच्या शाळेत शिकवायला होती. रोज एसटीनं जायची, एसटीनं यायची, आणि उभ्यानं प्रवास झाला तरी वह्या तपासून व्हायच्या, असं ती स्वतःच सांगते. शाळेत ती स्वच्छ "मी जाते, मी येते" बोलायची आणि घरात पाऊल टाकलं की "मी जातो, मी येतो". पेठेतल्या सगळ्या बायकांसारखीच. बाबा गेले तेव्हापासून ती एकटी राहते आणि त्यात तिला काही कमी आहे असं तिनं कधी दाखवलं नाही.

मला एक मोठा भाऊ आहे, पुण्यात. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, आईसुद्धा. दर दिवाळीला तो तोच विषय काढायचा. घराला कुलूप लावायचं आणि आईला पुण्याला न्यायचं. आईचं उत्तरही ठरलेलं. "त्या बाराव्या मजल्यावर मी काय चिमण्या मोजत बसू?" मग दादा माझ्याकडं बघायचा. माझ्या घरी तिला ठेवून घ्यायचा प्रश्न आईनंच निकालात काढला होता. जावयाच्या घरात मुक्कामाला राहायचं नाही, हे तिचं पक्कं. जेवायलाही ती सणावारालाच यायची आणि अंधार पडायच्या आत परत. तेव्हा उरायच्या दोनच गोष्टी, पुणं नाहीतर एकटं राहणं. आणि मी दरवेळी आईच्या बाजूनं बोलायचे. "ठणठणीत आहे ती. मी बघते की आठवड्यातून दोनदा."

आता खरं सांगायला हरकत नाही. ती ठणठणीत असणं मला सोयीचं होतं. सीझन सुरू असला की मला स्वतःच्या जेवणाचं भान नसतं. आईकडं जायचं म्हणजे स्कूटर बाहेर लावून, हेल्मेट हातातच ठेवून बसायचं, अर्धा तास बोलायचं आणि उठायचं. त्यात काय दिसणार होतं मला?

तर आईच्या पंच्याहत्तरीला तिच्या मुरगूडच्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. कोल्हापुरातच, एका छोट्या सभागृहात. दादा आदल्या दिवशी माझ्याकडं उतरणार होता आणि फोनवर मला बजावून झालं होतं, की ह्यावेळी कार्यक्रम झाला की काय तो निकाल लावायचा. "पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर. मला इथं झोप लागत नाही." मी म्हटलं, "ये आणि डोळ्यानं बघ."

सत्कार म्हटल्यावर आमच्याकडं पहिला येतो तो डिजिटल बोर्ड, म्हणजे मोठा फ्लेक्स. बारशापासून श्रद्धांजलीपर्यंत कोल्हापुरात बोर्डाशिवाय पान हलत नाही. बोर्ड करणारा माझ्या ओळखीचा, माझ्याच वयाचा माणूस. त्याचा फोन आला, "मॅडम, बाईंचा उभा फोटो पायजे, पायापासनं डोक्यापर्यंत. नमस्कार करतानाचा. आन् मागं सावली नको हां, कट करताना लई वैताग येतोय." सावलीचं मला शिकवतोय, म्हणून मी त्याच्यावरही डाफरले.

आईला म्हटलं, दुपारी स्टुडिओत घेऊन जाते तुला, मागं मोठा पांढरा कागद सोडते, पाच मिनिटांत होईल. ती म्हणाली, "एवढ्याशा फोटोला जिनं चढून कशाला? घरात काढ की." मी म्हटलं, घरात जागा नाही. ती म्हणाली, "तुला जागा लागतीय का कौतुक लागतंय?" बोलण्यात तिला हरवणं मला कधी जमलं नाही. मी दोन लाईट, स्टँड, पांढरी छत्री असं सगळं स्कूटरवर बांधून तिच्याकडं गेले.

घराची मांडणी सांगते, पुढं लागेल. दारातून आत आलं की बाहेरची खोली. समोर लांब भिंत, तिच्या एका टोकाला आईची कॉट. ती भिंत जिथं संपते तिथं पूर्वी स्वयंपाकघराची आडवी भिंत आणि एक दार होतं. दादाला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यानं हौसेनं ते पाडून घेतलं. सहा फूट मोकळी जागा झाली. पुण्यात सगळीकडं असंच असतं, म्हणाला. पलीकडं फ्रिज, ओटा, मागचं दार.

आई जरीकाठाची हिरवी साडी नेसून तयार होती, लांब भिंतीला टेकून. मी कॅमेरा घेऊन उंबऱ्यात, निम्मी बोळात. पूर्ण माणूस बसायला तेवढं अंतर लागतंच.

"आई, भिंत सोड. चार पावलं पुढं ये."

"इथंच काढ."

"सावली पडतीय मागं. बोर्डवाला बोंबलेल."

"बोंबलू दे. त्याला मी बाराखडी शिकिवली न्हाय, न्हायतर गप बसला असता."

मी हसले नाही. स्टुडिओत दोन गिऱ्हाइकं यायची होती. मी लाईट उचलून डावीकडं नेला. आईची सावली उजवीकडं सरकली, भिंतीवर तिच्या खांद्याएवढी मोठी. लाईट उंच केला. सावली खाली उतरली, पण पदराच्या कडेला राहिलीच. छत्री जवळ आणली, उजेड पसरला, कड मऊ झाली. आणि तेव्हा मला तो पट्टा दिसला.

तिच्या कमरेच्या जरा वर, भिंतीवर आडवा, राखाडी, हातभर रुंद नसेल पण वीतभर नक्की. पिस्ता रंगाच्या डिस्टेंपरवर चांगलाच उठून दिसणारा. मला वाटलं कॉटच्या दांड्याची सावली पडतीय. लाईट उजवीकडं नेला. आईची सावली डावीकडं गेली, पट्टा तिथंच. लाईट खाली घेतला. पट्टा तिथंच. मी दोन्ही लाईट बंद केले आणि दारातून येणाऱ्या उजेडात एक फोटो घेतला. सावली गेली, पट्टा तिथंच.

जे उजेड हलवल्यावर हलत नाही ती सावली नसते, एवढं मला कळायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलेलं. ओल धरली असेल, दुसरं काय, आणि तेवढ्यासाठीच तर मी तिला पुढं ये म्हणत होते. मी सरळ आत गेले, तिचे दोन्ही हात धरून तिला भिंतीपासून पुढं ओढलं, फरशीच्या चौकटी मोजून चार, आणि म्हटलं, "हां. आता हात जोड आणि हलू नको." माघारी उंबऱ्यात आले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

आईनं हात जोडले. तिचा चेहरा मला चौकटीत दिसत होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, स्वतःच्या पायांकडं बघत होती. मी म्हटलं, "वर बघ." तिनं वर बघितलं आणि ती हलली. एवढीशी, वाऱ्यानं पडदा हलावा एवढीच. मग जास्त. जोडलेले हात सुटले, ती तिरकी मागं गेली, दोन पावलं, तीन, आणि उजवा हात मागं जाऊन फाटकन भिंतीवर बसला. नेमका पट्ट्यावर.

मी धावले, पण ती तोवर सावरली होती. हात तिथंच ठेवून उभी. मी त्या हाताकडं बघितलं, मग त्याच्या पुढं बघितलं. पट्टा कॉटच्या उशापासून निघत होता. लांब भिंतीवरून सरळ, एका उंचीवर, मोकळ्या जागेपर्यंत. तिथं तुटत होता. पलीकडं स्वयंपाकघरात फ्रिजच्या कडेवर तेलकट काळपट, मग ओट्याची कड, मग मागच्या भिंतीवर पुन्हा, न्हाणीच्या दारापर्यंत.

"किती दिवस झालं हे?"

"दोन वर्सं झाली असतील." आवाज शाळेतला नव्हता, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीचा होता. "साखरेनं तळपाय बधिर झाल्यात. खाली फरशी हाय का न्हाय ते डोळ्यानं बघून कळतंय. भिंतीला हात असला की काय वाटत न्हाय गं. मी सगळं करतो की. भाकरी करतो, धुणं धुतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बसतीस कुठं?"

मला राग आला. आधी तिचा आला, मग स्वतःचा, आणि मग मी त्या दोन गिऱ्हाइकांवर मनातल्या मनात ओरडले, ज्यांचा काही संबंध नव्हता. आईनं माझं मनगट धरलं. "दादाला सांगू नगंस. तो नेणार मला. त्या घरात सगळीकडं काचा हाईत, गुळगुळीत. हात कुठं ठेवू? इथं मला डोळं झाकून कळतंय. सांगू नगंस, बघ. शपथ हाय."

तिनं आयुष्यात कधी शपथ घातली नव्हती. वर्गात तर शपथ घेणाऱ्या पोराचा कान धरायची. मी हो म्हटलं.

मग मी तो फोटो काढला. तिला परत भिंतीला टेकवलं, पाठ पूर्ण चिकटवून, आणि मोठा लाईट कॅमेऱ्याच्या बरोबर डोक्यावर आणला. उजेड नाकासमोर असला की सावली माणसाच्या मागंच लपते. फोटो मात्र चपटा येतो, नाकाडोळ्यांना उठाव राहत नाही. असे फोटो काढणाऱ्यांची मी आयुष्यभर टवाळी केली, ओळखपत्रावर चिकटवायला काढलाय का म्हणून. आई पाठीचा सगळा भार भिंतीवर टाकून, हात जोडून, छान हसली. तिला वर्गात निरीक्षक आले की असं हसता यायचं. माझ्या हातून आजवर निघालेला सगळ्यात चपटा फोटो तो.

बोर्डवाल्याला मी भिंतीसकट फोटो पाठवला नाही. कापायचं काम त्याचं, पण मी स्वतःच कॉम्प्युटरवर बसून आईच्या कडेकडेनं भिंत कापून टाकली. पट्टा गेला, सावली गेली, भिंत गेली. उरली ती नुसती आई, कशालाही न टेकता ताठ उभी.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी कशातच नव्हते. एका साखरपुड्यात बॅटरी घरी विसरले. एका मुलीला "भिंत सोड" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, तिची सावली तशीच येऊ दिली. काय काय आठवायला लागलं. मला निरोप द्यायला आई बोळापर्यंत यायची, ती कधीपासून यायची बंद झाली? मी गेले की "तूच चहा ठेव, तुझ्या हातचा बरा लागतोय" म्हणायची, ते कधी सुरू झालं? दाराची कडी आताशा उघडीच असायची. मला वाटायचं, वय झालं, विसरते. ती कडी काढायला परत उठायला लागू नये म्हणून उघडी ठेवत होती.

मी दिवसातून तीनदा तिच्याकडं जायला लागले. काहीतरी निमित्त काढायचं, भाजी आणली, पेपर आणला. जाऊन बसायचं आणि तिच्या पायांकडं बघायचं. तिला ते सहन होईना. "पायाला काय माझ्या मोत्यं लागल्यात? जा की, काम न्हाय का तुला?" मी जायचे आणि रस्त्यात उभी राहून फोन करायचे. तिनं उचलला नाही तर पडली असं वाटायचं. उचलला तर फोनसाठी उठताना पडली असती असं वाटायचं.

सत्काराचा दिवस आला. स्टेजवर जायचं म्हणजे मोकळ्या फरशीवरून वीस पावलं, मग तीन पायऱ्या, सगळ्यांसमोर. आणि दादा पहिल्या रांगेत. पण आई माझ्यापेक्षा हुशार. आदल्या दिवशीच तिनं विद्यार्थ्यांना निरोप दिला, मी तासभर आधी येणार, मला गर्दीत गुदमरतं. आम्ही दोघी गेलो तेव्हा सभागृहात फक्त खुर्च्या होत्या. माझ्या खांद्याला धरून ती चढली, मधल्या खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि कार्यक्रम संपून लोक जेवायला पांगेपर्यंत उठली नाही. शाल बसून घेतली, हुपरीची चांदीची समई बसून घेतली. भाषणही बसूनच केलं, आणि असं खणखणीत केलं की मागच्या रांगेतले पन्नाशीचे बाप्ये सरळ होऊन बसले.

तिच्या मागं तो बोर्ड. दहा फुटांची आई, आकाशी रंगावर, बाजूनं कमळं. बोर्डवाल्यानं माझ्याकडून सावली काढून घेतली होती आणि स्वतः तिच्या पायाखाली एक खोटी, गोल, करडी सावली घातली होती. तसं केल्यावर माणूस जमिनीवर उभा वाटतो म्हणे.

दादा बराच वेळ बोर्डाकडं बघत होता. जेवताना माझ्याजवळ आला. "तू म्हणत होतीस ते खरं आहे गं. मी उगीच घाबरत होतो. बघ की कशी उभी आहे. राहू दे तिला इथंच अजून दोन-चार वर्षं." हे ऐकायला मी सात-आठ दिवाळ्या भांडले होते. मी मान हलवली आणि कढी आणायला उठले.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, मला ताणून धरायला जमत नाही. आई अजून त्याच घरात आहे. त्या मोकळ्या जागेत दादानं कमरेएवढी भिंत बांधून घेतली, माणूस जाईल एवढी फट ठेवून. दिवसभर एक मावशी असतात, त्यांच्याशी आईचं भाकरीच्या जाडीवरून रोज वाजतं. दुपारचं जेवण मी तिच्याबरोबर जेवते, हेल्मेट दाराबाहेर ठेवून. पण हे सगळं झालं ते सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडलं त्यामुळं.

सकाळी मी गेले तर दारात रंगाचे डबे. दादा पुण्याला निघायच्या आधी आईला भेट म्हणून घर रंगवून देणार होता. पेठेतले रंगारी चाचा, ज्यांनी आमच्या लहानपणी हेच घर रंगवलं होतं, भिंत घासायला पॉलिश पेपर घेऊन उभे. दादा खुशीत होता. "भिंती बघ किती कळकट झाल्यात! ऑइल पेंट मारून घेऊ. गुळगुळीत, चकचकीत. फडकं मारलं की स्वच्छ."

आई कॉटवर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मान बारीकशी हलवली, नाही म्हणून. चाचांनी पॉलिश पेपर कॉटच्या उशापाशी टेकवला आणि पहिला हात मारला. भुरकट राखाडी धूळ खाली पडली.

"थांबा चाचा," मी म्हटलं.

"काय झालं?" दादा म्हणाला.

शपथ होती. मी तिची शपथ मोडते आहे हे मला कळत होतं आणि तरी माझा आवाज चढला. का चढला माहीत नाही, दादाचा काय दोष होता? "हा मळ नाही. हात आहे तो तिचा. ती ह्याला धरून चालते. दोन वर्षं झाली. तिला पायाखालचं कळत नाही आणि मला माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही. तो बोर्डवरचा फोटो पण असाच, इथं टेकून काढलेला. मीच भिंत काढून टाकली."

चाचांनी हात खाली घेतला आणि ते डब्यांपाशी जाऊन उभे राहिले. आई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. दादा कॉटच्या उशापाशी गेला आणि त्यानं आपला पंजा पट्ट्यावर ठेवला. तो उंच आहे, त्याला वाकायला लागलं. तसाच वाकून, हात घासत, तो भिंतीच्या कडेनं चालत गेला, एकेक पाऊल टाकत, थेट जिथं भिंत संपते तिथंपर्यंत. तिथं त्याचा हात हवेत राहिला. त्यानं पलीकडं फ्रिजकडं बघितलं, मग खाली सहा फूट मोकळ्या फरशीकडं बघितलं.

"इथं?" तो म्हणाला. "आई, इथं काय धरतेस?"

"तिथं व्हय?" आई म्हणाली. "तिथं काय न्हाय. फ्रिजवर नजर ठेवतो आन् सुटतो."

दादा त्या मोकळ्या जागेच्या बरोबर मध्ये खाली बसला. मांडी घालून, दोन्ही हात तोंडावर. एवढा मोठा माणूस, ऑफिसात ज्याला लोक वचकून असतात. मी पुढं गेले नाही. मलाही बसावंसं वाटत होतं.

आई कॉटवरून उठली. भिंतीला हात लावला आणि चालत त्या टोकाला आली. "ऊठ रे," ती म्हणाली. "वाट हाय माझी ती. चहा ठेवायचाय मला. चाचा कवाधरनं उभं हाईत."

दादा उठला नाही. आईनं क्षणभर वाट बघितली. मग भिंतीवरचा हात सोडला, दोन पावलं टाकली आणि तो हात त्याच्या डोक्यावर ठेवला. चांगला भार देऊन ठेवला. तिथं जरा थांबली, आणि मग पुढची दोन पावलं टाकून फ्रिजपर्यंत गेली.